चिखल चावणारे भाऊजी

आमच्या समोरच्या दारातले भाऊजी एकतीस वर्षं सरकारी पगारावर चिखल खात आहेत. असं मी चारचौघांत म्हटलं की त्यांची बायको डोळे वटारते. पण हे खोटं आहे असं मात्र तिने आजवर एकदाही म्हटलेलं नाही.

खातात म्हणजे काही वाटी भरून खात नाहीत. चिमूटभर ओला गाळ घेतात, समोरच्या दातांमध्ये धरतात, खालचा जबडा जरासा पुढेमागे करतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. कचकच झाली तर वाळू. बोटांना पिठासारखं मऊ लागतं, पण दातांत बारीकशी किरकिर राहते, तो पोयटा. आणि लोण्यासारखं दातांवरून सरकलं, काही म्हणजे काही लागलं नाही, की ती चिकणमाती. मग थुंकतात, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरतात आणि वहीत लिहितात. त्यांच्या धंद्यात ही पद्धत जुनी आहे म्हणे. असेल. मला एवढंच ठाऊक की घरी केलेली बिस्किटं मी त्या दातांसमोर एकदाच ठेवली. भाऊजींनी डोळे मिटले, तेव्हाच मी बशी उचलायला हवी होती.

"वहिनी, साखर नीट दळली नाहीत. अर्ध्या मिलिमीटरच्या वर आहे."

कोपऱ्यावरचा गिरणीवाला तर त्यांना लांबून बघूनच दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागतो. भाऊजी पीठ जिभेवर टाकून सांगतात की दगडाला टाकी लावायची वेळ झाली, आणि ते खरं निघतं. खरं निघतं हाच गिरणीवाल्याचा राग.

आमचे हे आणि भाऊजी एकाच कार्यालयात. हे आवक-जावकच्या टेबलावर, भाऊजी प्रयोगशाळेत. दोघे भावासारखे, म्हणून त्यांच्या बायकोला मी जाऊबाई म्हणते, आणि जावा-जावांत जितपत पटतं तितपत आमचं पटतं. कार्यालय आहे किनाऱ्याच्या सर्वेक्षणाचं. समुद्र काय आणतो, काय नेतो आणि कुठे टाकतो, याची नोंद ठेवायची. समुद्र आपलं काम रोज दोन वेळा करतो. कार्यालय तिमाहीला एकदा करतं.

भाऊजींचं काम म्हणजे किनाऱ्यावरून, खाडीतून, नदीच्या मुखातून पिशव्या भरून आणायच्या, भट्टीत वाळवायच्या आणि एकावर एक रचलेल्या पितळी चाळण्यांतून हलवायच्या. वरची चाळणी मोठ्या भोकांची, खालची अशी की पीठही लाजेल. प्रत्येक चाळणीत काय अडकलं त्याचं वजन करायचं. शिंपल्यांचा चुरा किती हे पाहायला आम्लाचा थेंब टाकायचा. शिंपला असला तर फसफसतो, गारगोटी ढिम्म. एवढं सगळं झाल्यावर मोठे साहेब ज्या अहवालावर सही करतात त्यातलं मुख्य वाक्य भाऊजींनी आठवडाभर आधीच, चिखलात उभं राहून, थुंकता थुंकता सांगितलेलं असतं.

एका वर्षी आठवडाभर समुद्र खवळला होता. शांत झाल्यावर बघतो तर आमच्या इमारतीसमोरचा किनारा काळाकुट्ट. तेल सांडलं, कोणी म्हणालं. राख आहे, कोणी म्हणालं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी तर जगाचा अंत जवळ आल्याचं जाहीर केलं आणि चष्मा पुसायला घेतला. भाऊजी कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन खाली उतरले. वाळूवरून फिरवलं, तर काळे कण दाढीसारखे चिकटले.

"काही सांडलेलं नाही," ते म्हणाले. "ही वाळू पहिल्यापासून इथेच होती, पांढऱ्या वाळूत मिसळलेली. लाटांनी हलके कण उचलून नेले. जड होते ते मागे बसून राहिले."

"आमच्या कार्यालयातही असंच होतं," आमचे हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून वर्षात एकच विनोद निघतो, आणि त्या वर्षीचा तो होता.

खरं सांगायचं तर माणूस आपल्या जागी सुखी होता. घरात त्यांना फारसं कोणी विचारत नसे. चहा कोणत्या डब्यात आहे हे त्यांना आजही सांगता येणार नाही. पण गुडघाभर चिखलात उभे राहिले की ते बोलायला लागत. "पाणी थांबतं तिथे चिकणमाती बसते, पाणी भांडतं तिथे वाळू राहते," असं काहीबाही सांगत. त्यावर जाऊबाईंचं उत्तर ठरलेलं. "म्हणजे आपल्या घरात वाळूच सापडायची." निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, आणि शेवटच्या दिवसापर्यंत किनाऱ्यावर जायला मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

आणि यंत्र आलं.

पेटीएवढ्या आकाराचं, राखाडी रंगाचं. आत लाल उजेड. चिमूटभर गाळ पाण्यात सोडला की पडद्यावर आलेखाचा डोंगर उमटायचा आणि बाजूला लिहून यायचं, वाळू इतके टक्के, पोयटा इतका, चिकणमाती इतकी. दोन मिनिटांत. त्याच महिन्यात प्रयोगशाळेवर एक तरुण मॅडम नेमून आल्या. शिकलेल्या, फटाफट चालणाऱ्या, चिखलाच्या बुटांना न घाबरणाऱ्या. यंत्र मागवलं होतं त्या येण्याच्या आधी. पण मोठ्या साहेबांना दोघांचं श्रेय एकदमच घ्यायचं होतं, म्हणून उद्घाटन ठरलं. आणि आमच्या ह्यांच्या जावक रजिस्टरातून एक कागद निघाला: चाळणी विभाग बंद करण्यात येत असून सदर कर्मचाऱ्यास तळघरातील अभिलेख कक्षात वर्ग करण्यात यावे.

अभिलेख कक्ष म्हणजे जुन्या फायलींची खोली. तिथे खिडकी नाही. भाऊजी तो कागद घेऊन आमच्याकडे आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे. एक अर्ज लिहून द्या. मला किनाऱ्यावर राहू द्या, एवढंच लिहा. विनंती करा."

आता विनंती हा प्रकार माझ्या हाताला कधी जमला नाही. मी लिहायला बसले, आणि हात शिवशिवला. "सदर यंत्राने व मी, उद्घाटनाच्या दिवशी, सर्वांसमक्ष, पाच नमुने तपासावेत," असं लिहिलं. तेवढ्यावर थांबले असते तर बरं. पण वाक्याला शेपूट हवं म्हणून पुढे लिहिलं, "आणि माझा निकाल यंत्राच्या निकालाशी एकदा जरी जुळला नाही तरी मी अभिलेख कक्षात आनंदाने जाईन." भाऊजींनी चष्मा आणला नव्हता. त्यांनी सही केली, आभार मानले आणि गेले. मी तो अर्ज ह्यांच्या डब्याच्या पिशवीत घातला, आणि मोठ्या साहेबांना किती आवडेल याची कल्पना करून दिवसभर हसत होते.

साहेबांना फारच आवडला. उद्घाटनाला काहीतरी करमणूक हवीच होती. त्यांनी शेरा मारला, "मान्य."

त्या संध्याकाळी जाऊबाई आमच्या दारात उभ्या. हातात लाटणं. ते स्वयंपाकाचंच होतं, पण मला त्या वेळी तसं वाटलं नाही.

"ताई, काय लिहून दिलंत तुम्ही?"

"अहो, गंमत केली जराशी. भाऊजी जिंकतील हो! त्यांचे दात म्हणजे..."

"त्यांचे दात म्हणजे काय? वरचा समोरचा हलतोय दोन महिने झाले. खालचे निम्मे झिजलेत. लोकांचे दात सुपारीने जातात, आमच्याकडचे मातीने गेले. तळमजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, लगेच काढा. हे म्हणाले, उद्घाटनानंतर. आता पोळी दुधात बुडवून खातात आणि मला सांगतात, कोणाला बोलू नकोस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते स्वतःच्या हाताचं असतं. मी दुसऱ्याचा हात दाखवला होता.

भाऊजींनी मात्र मला एका शब्दाने विचारलं नाही. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "चांगलं लिहिलंत. मला एवढं धाडस झालं नसतं." हे ऐकून मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांना सप्रेम निमंत्रण होतं. मी आणि जाऊबाई तिसऱ्या रांगेत. साहेबांनी फीत कापली. फीत जाड होती आणि कात्री बोथट, त्यामुळे ती कापली कमी, कुरतडली जास्त. मग भाषण. त्यात "युगांतर" हा शब्द चार वेळा आला. यंत्र गप्प होतं. भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून शेजारी उभे होते. समोर पाच काचेच्या बश्या, एक पाण्याचा पेला, आणि थुंकायला एक तस्त, जे कोणीतरी चुकून फुलांच्या तबकाशेजारी ठेवलं होतं.

मॅडमनी पहिली बशी पुढे केली. भाऊजींनी चिमूट घेतली. सगळं सभागृह त्यांच्या जबड्याकडे बघू लागलं. मी जाऊबाईंकडे बघितलं, तर त्यांचाही जबडा हलत होता.

"वाळू. मध्यम. लाटांच्या माऱ्यातली. शिंपला आहे थोडा."

यंत्र घुं घुं झालं. पडद्यावर एकच उंच डोंगर. "मध्यम वाळू," मॅडम म्हणाल्या. टाळ्या.

दुसरी बशी. "वाळूच. बारीक, एकसारखी. ही वाऱ्याने उडवून आणलेली, किनाऱ्यामागच्या टेकाडावरची." यंत्र म्हणालं, बारीक वाळू. कुठून आणली हे यंत्राला विचारण्याची सोय नव्हती. टाळ्या.

तिसरी बशी घेताना भाऊजींनी दुसऱ्या हाताने गाल धरला. "पोयटा. नदीच्या वरच्या अंगाचा, गोड्या पाण्यातला." यंत्रानेही पोयटाच सांगितला. साहेबांनी घड्याळ बघितलं. करमणूक लांबत चालली होती आणि चहा थंड होत होता.

चौथी बशी खाडीच्या आतली होती. करडा, मऊ गाळ. भाऊजींनी दातांत धरला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गावच्या माणसाला बघितल्यासारखं काहीतरी आलं.

"चिकणमाती. शुद्ध. लोणी आहे."

यंत्र घुं घुं झालं. मॅडमनी पडद्याकडे बघितलं, परत बघितलं. "पोयटा," त्या हळूच म्हणाल्या. "सत्तर टक्के."

"नाही हो," भाऊजी म्हणाले.

"यंत्र सांगतंय," साहेब म्हणाले.

"यंत्र सांगत असेल. पण ही चिकणमाती आहे. हिला किरकिर नाही. थांबा." त्यांनी भलीमोठी चिमूट घेतली आणि रागाने चावली. एकतीस वर्षांत त्यांनी माती कधी रागाने चावली नव्हती. कट् असा आवाज झाला, तो तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू आला. पहिल्या रांगेतल्या कोणीतरी आनंदाने म्हटलं, "लागली बघा किरकिर!"

भाऊजींनी तळहातावर थुंकलं. करड्या चिखलात पिवळसर दात.

जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता माझं काही खरं नाही, पण त्या माझ्याकडे न बघता सरळ व्यासपीठावर गेल्या, पाण्याचा पेला नवऱ्याच्या हातात दिला आणि पदराने त्यांची हनुवटी पुसली. साहेबांनी घसा खाकरला. "नमुना दूषित झाला आहे," ते म्हणाले. "शिवाय अर्जात लिहिल्याप्रमाणे एक निकाल जुळलेला नाही. पाचव्याची आवश्यकता नाही. अभिलेख कक्षाला एका अनुभवी सहकाऱ्याचा लाभ होत आहे, याचा मला आनंद वाटतो." टाळ्या याही वेळी झाल्या, आणि मला त्या जन्मभर पुरतील.

आता माझी खरी चूक ऐका. माझ्या अर्जात यंत्र म्हणजे खरं आणि भाऊजींनी त्याच्याशी जुळायचं, असं होतं. यंत्रही चुकेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांच्याही आलं नव्हतं. पण साहेबांशी माझं साम्य निघावं यापेक्षा मोठी शिक्षा कोणती?

चहाच्या वेळी भाऊजी तोंडात कापूस धरून कोपऱ्यात बसले होते. मॅडम बशी घेऊन त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या.

"काका, खरंच चिकणमाती आहे?"

भाऊजींनी कापूस गालाकडे सरकवला. "मीठ धुतलंत का?"

"कसलं मीठ?"

"खाडीच्या पाण्यातलं. माती तशीच वाळवलीत ना? मिठात चिकणमातीचे कण एकमेकांना धरून गोळे करतात. दाताखाली फुटतात ते. यंत्राला कसे फुटतील? ते बिचारं गोळ्यालाच कण समजतं."

मॅडमनी हातातल्या बशीकडे बघितलं. "पुस्तकात होतं," त्या म्हणाल्या. "धुवा, असं एका ओळीत होतं. मला वाटलं, धुतलेलं असेल."

"धुतलेलं असायचं. मी धुवायचो. या खेपेला पिशव्या माझ्याकडे आल्याच नाहीत."

पुढचे तीन दिवस, अभिलेख कक्षात रुजू होण्याआधी, भाऊजींनी तो गाळ धुतला. पाणी घालायचं, ढवळायचं, बसू द्यायचं, वरचं पाणी ओतून टाकायचं, पुन्हा घालायचं. मीठ गेलं का हे बघायला वरच्या पाण्याचा थेंब जिभेच्या टोकावर घ्यायचा. जीभ अजून शाबूत होती. शेवटी गोळे सुटायला एक पांढरी पूड. मॅडम शेजारी उभ्या राहून सगळं लिहून घेत होत्या. ही बातमी ह्यांनी घरी आणली तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "तीन दिवस धुतात? इथे आयुष्यात एक वाटी विसळली नाही त्यांनी."

चौथ्या दिवशी यंत्राने लाल उजेडात बघून कबूल केलं: चिकणमाती, एक्क्याण्णव टक्के.

मॅडम कागद घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला. आदेश मागे घेता येणार नाही, कारण आदेश निघालेला आहे, असं ते म्हणाले. भाषण तर कार्यालयाच्या पत्रिकेत छापूनही झालं होतं. चूक सुधारता येते, पण पत्रिकेच्या पाचशे प्रती कशा सुधारणार?

मॅडम तरुण असल्या तरी कच्च्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक टिपण ठेवलं. आमच्या ह्यांनी त्याची आवक नोंदवली म्हणून मला ते तोंडपाठ आहे. किनाऱ्यावरील गाळाचे थर म्हणजे समुद्राने स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदी होत. सबब ते अभिलेख ठरतात. सबब ते गोळा करणे, धुणे व जतन करणे हे अभिलेख कक्षाचे काम असून, त्यासाठी सदर कक्षातील कर्मचाऱ्यास भरती-ओहोटीच्या वेळापत्रकानुसार किनाऱ्यावर पाठवणे क्रमप्राप्त आहे. साहेबांना "क्रमप्राप्त" हा शब्द आवडला. त्यांनी सही केली. समुद्राला आपण अभिलेख कक्षाच्या अखत्यारीत गेलो याची कल्पना नसावी. तो पूर्वीसारखाच वागतो.

तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी भाऊजींचे उरलेलेही समोरचे दात काढले आणि कवळी बसवली. पांढरीशुभ्र. हसले की भाऊजी कोणा जाहिरातीतले आजोबा वाटतात. पण कवळीला किरकिर कळत नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी गच्चीवर कुंडीतली माती चावून बघितली आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. जाऊबाईंनी मला तिथून खूण करून खाली पाठवलं. मी गेले, आणि एकदाही मागे वळून बघितलं नाही, यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

परवा ओहोटीला मी मुद्दाम खाडीकडे फिरायला गेले. मुद्दाम म्हणजे बघायलाच. भाऊजी गुडघाभर चिखलात, हातात पिशवी. मॅडम समोर, बुटांवर चिखल, दातांत चिखल.

"डोळे मिटा," भाऊजी सांगत होते. "खालचा जबडा हलवा. जोर नको. हं. आता?"

"काहीच लागत नाही, काका."

"काहीच?"

"नाही... थांबा. कडेला काहीतरी आहे. अगदी बारीक."

भाऊजी पुढे वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, जणू स्वतःच चावत होते. "किरकिर की कचकच?"

"किरकिर."

"मग इथे पाणी सगळं थांबत नाही. कुठूनतरी प्रवाह येतोय. थुंका. गिळू नका."

मॅडम थुंकल्या, चूळ भरली आणि वाळूच्या पट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिकडून असेल?" भाऊजी उत्तर न देता त्या दिशेने चालूही लागले होते, पाय चिखलातून उपसत, आणि मला बघून त्यांनी ती पांढरीशुभ्र कवळी दाखवली. मी मान डोलावली आणि लगेच घराकडे फिरले, कारण थांबले असते तर मॅडमनी मलाही चिमूटभर चावून बघायला सांगितलं असतं.